बंद खोक्यातली इंजिनं: मॉडेल रेल्वेचा जुना लॉट घेताना होणारी फसवणूक

घरच्या लेआउटसाठी (टेबलावर मांडलेल्या छोट्या रेल्वेसाठी) इंजिनं-डबे जमवणाऱ्यांचा क्रम बहुतेक वेळा उलटा असतो. टेबल अजून सुताराकडे, खोली कुठली वापरायची यावर घरात एकमत नाही, पण सामान मात्र माळ्यावर येऊन बसलेलं. जुना माल खपवणाऱ्या लबाडाला हेच हवं असतं. या व्यवहारातली लबाडी माल घेतल्या दिवशी क्वचितच उघडी पडते. इंजिन रुळावर ठेवून वीज सोडली की पडते, आणि तोवर सहा-आठ महिने सहज गेलेले असतात.

पुण्यातल्या एका निवृत्त गृहस्थांच्या बाबतीत असंच झालं. जाहिरात होती: एचओ स्केल (खऱ्याच्या १:८७ आकाराची), ४ इंजिनं, २२ डबे, रूळ, सांधे, कंट्रोलर, सगळं खोक्यासकट, डीसीसी रेडी, भारतीय डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिनासह, ६२,००० रुपये. विकणारा फोनवर म्हणाला, "काका, एकदम मिंट आहे. बॉक्स उघडलेलेसुद्धा नाहीत. आणखी दोघं मागे लागलेत." मे महिन्यात पैसे गेले, माल आला. वरची दोन खोकी उघडली, चकचकीत डबे दिसले, बाकीची तशीच माळ्यावर गेली. टेबल तयार झालं दिवाळीत.

डब्ल्यूडीएम-२ पासून सुरुवात करू. भारतीय गाड्यांची कारखान्यात बनलेली मॉडेलं कमी मिळतात, त्यामुळे अमेरिकी डिझेल इंजिनाला भारतीय रंग देऊन विकणं हा चालू उद्योग आहे. छंद म्हणून रंगवलं आणि तसं सांगून विकलं तर हरकत नाही. 'ओरिजिनल भारतीय मॉडेल' म्हणून तिप्पट भाव लावला की मात्र ती फसवणूक. ओळखायची सोपी खूण म्हणजे चाकं मोजा. मूळ डब्ल्यूडीएम-२ अमेरिकेच्या अल्को कंपनीच्या आराखड्यावर बेतलेलं, १९६२ पासून आपल्याकडे आलेलं आणि नंतर वाराणसीत बनू लागलेलं सहा आसांचं इंजिन. प्रत्येक बोगीत (म्हणजे इंजिनाखालच्या चाकांच्या सांगाड्यात) तीन आस, तेही समान अंतरावर नसलेले. या लॉटमधल्या इंजिनाला बोगीत दोनच आस होते. पुढच्या बाजूला बफर नव्हते, अमेरिकी 'नकल' (knuckle) कपलर, म्हणजे डबा जोडायची कडी, तसाच होता. आकडे घरच्या इंकजेट प्रिंटरवर छापलेले, ओला कापूस फिरवताच निळसर पसरले. (भारतीय ब्रॉडगेज १६७६ मिमी, म्हणजे १:८७ ला १९.३ मिमी. एचओचा रूळ १६.५ मिमी. तेवढी तडजोड सगळेच करतात, तिला कोणी फसवणूक म्हणत नाही.)

दुसरं इंजिन 'डीसीसी'वालं. डीसीसी म्हणजे रुळांतूनच प्रत्येक इंजिनाला वेगळा डिजिटल हुकूम देणारी पद्धत, आणि तो हुकूम वाचणारा इंजिनातला भाग म्हणजे डिकोडर. जाहिरातीत 'डीसीसी रेडी' लिहिलं होतं, फोनवर ते 'डीसीसी आहे' झालं. रेडी म्हणजे आत फक्त सॉकेट, बहुधा ८ किंवा २१ पिनांचं, आणि त्यात साध्या डीसीवर चालावं म्हणून बसवलेला डमी प्लग. डिकोडर वेगळा विकत घ्यायचा, आवाजाचा हवा असेल तर स्पीकरही आणि खर्च बराच जास्त. विकणाऱ्याकडे वरचं शेल (इंजिनाचं बाहेरचं कवच) काढून आतल्या बोर्डाचा फोटो मागा. डिकोडर खरंच असेल तर नव्या किंवा रीसेट केलेल्या डिकोडरचा पत्ता ३ असतो. त्या पत्त्यावर दिवे लागून इंजिन हलताना व्हिडिओत दिसलं पाहिजे. 'माझ्याकडे डीसीसी सिस्टिम नाही, त्यामुळे दाखवता येणार नाही' असं उत्तर आलं तर डिकोडर नाही असं धरूनच भाव करा.

तिसरं इंजिन मार्कलिनचं, आणि चांगल्या अवस्थेतलं. फक्त ते तीन रुळी पद्धतीचं. त्याच्या पोटाखाली लांबट धातूची पट्टी असते, ती रुळाच्या मधल्या ठिपक्यांवरून वीज घेते. पद्धत एसी, आणि डाव्या-उजव्या चाकांत विद्युतरोधन नाही. दोन रुळी डीसी लेआउटवर ठेवलं की सरळ शॉर्ट. इंजिन बिघडलेलं नव्हतं, पण घेणाऱ्याच्या लेआउटवर ते कधीच चालणार नव्हतं. विकणाऱ्याला ते ठाऊक होतं हे त्याच्या फोटोंवरून कळतं: सगळे बाजूने काढलेले, खालून एकही नाही.

म्हणून प्रत्येक इंजिनाचा आणि निदान दोन-तीन डब्यांचा पोटाकडचा फोटो मागायचाच. माल हातात आल्यावर मल्टिमीटर बझरवर ठेवून एकाच आसाच्या डाव्या-उजव्या चाकाला टोकं लावा. मोकळ्या डब्याच्या चाकांवर मीटर वाजलं तर ती चाकजोडी दोन रुळी लेआउटच्या कामाची नाही.

चौथ्या इंजिनाची गोष्ट सगळ्यात वाईट, आणि वादाचं मूळही तेच. शेल मध्यभागी किंचित वर आलेलं, खालच्या पट्टीशी एका बाजूला नखाएवढी फट. स्क्रू काढूनही शेल निघेना. शेवटी निघालं तेव्हा आतली करडी ओतीव चॅसी (सांगाडा) सुकलेल्या चिखलासारखी तडकलेली होती आणि बोट लावताच कोपऱ्याचा तुकडा हातात आला. याला झिंक पेस्ट (pest, म्हणजे जस्ताची कीड) म्हणतात. चॅसी जस्ताच्या मिश्रधातूची असते. ओतताना त्यात शिशासारखी भेसळ राहिली तर धातूच्या कणांच्या सीमांवरून गंज आत शिरतो, चॅसी फुगते, वाकते, मोटर आणि गिअरची रेषा बिघडते आणि शेवटी तुकडे पडतात. यावर इलाज नाही. गोंद, इपॉक्सी, रंग, काहीही लावा, आतलं थांबत नाही.

गृहस्थांनी तक्रार केली तेव्हा उत्तर आलं, "पावसाळ्यात माळ्यावर ठेवलंत ना काका? ओल लागली असणार." हे उत्तर अर्धं खरं आहे, म्हणूनच त्याला तोंड देणं अवघड. दमट आणि गरम हवेत हा रोग वेगाने वाढतो. पण तो सुरू होतो ओतकामाच्या दिवशी, शुद्ध धातूच्या चॅसीला माळ्यावरच्या ओलीने असं होत नाही. मे महिन्यात काढलेला शेल उघडा असलेला एक फोटो हाताशी असता तर वाद पाच मिनिटांत मिटला असता. तो नव्हता.

बाकी सामान भराभर सांगतो. कंट्रोलरच्या मागे 'इनपुट १२० व्होल्ट ६० हर्ट्‌झ' असं लिहिलेलं. आपल्या २३० व्होल्टला लावला असता तर ट्रान्सफॉर्मर मिनिटांत जळला असता, आणि त्याआधी रुळावर जवळपास दुप्पट व्होल्टेज सोडून इंजिनाची मोटरही घेऊन गेला असता. पाटी वाचल्याशिवाय जुना कंट्रोलर कधीही प्लगला लावू नका. रुळांत तीन प्रकार मिसळलेले: पितळी, लोखंडी आणि निकेल सिल्व्हर. लोहचुंबक लावा, चिकटला तर लोखंड, कोकणपट्टीच्या हवेत त्याचं आयुष्य फार नाही. पितळ पिवळं दिसतं आणि काळं पडलं की वीज नीट वाहत नाही. निकेल सिल्व्हर पांढरट, चुंबकाला न चिकटणारं, घ्यायचं ते हेच. शिवाय निम्मे रूळ कोड १०० चे (उंची २.५४ मिमी) आणि निम्मे कोड ८३ चे (२.११ मिमी). व्हर्नियरने मोजलं की लगेच कळतं. खास जॉइनरशिवाय हे जोडले तर प्रत्येक जोडावर पायरी पडते. २२ डब्यांपैकी ६ ब्रिटिश ओओ म्हणजे १:७६ चे निघाले. रूळ तोच १६.५ मिमी, त्यामुळे धावतात, पण एचओच्या डब्यांशेजारी थोराड दिसतात, कपलरही जुळत नाहीत.

आता खोक्यांविषयी. 'खोक्यासकट' या शब्दाला आपले लोक फार भुलतात. खोकं मालाचा पुरावा नव्हे, खोकी सुटी विकत मिळतात. टोकाच्या लेबलवरचा कॅटलॉग क्रमांक आणि इंजिनाच्या अंगावरचा क्रमांक ताडून पाहा. आतल्या पारदर्शक ट्रेच्या खाचेत इंजिन नेमकं बसतं का ते बघा. या लॉटमध्ये एका ट्रेची कड ब्लेडने कापून मोठी केलेली होती, कारण आत दुसरंच लांब इंजिन कोंबलं होतं. कपलर, पाइप, हँडरेल असलेली बारीक पुडी आणि माहितीपत्रक जागेवर असेल आणि पुडी सीलबंद असेल, तरच 'न वापरलेलं' या शब्दाला अर्थ.

'चालू आहे' याचा पुरावा म्हणजे व्हिडिओ, पण तोही आपल्या अटींवर. सगळ्यात कमी वेगात, दोन्ही दिशांना, प्रत्येकी अर्धा मिनिट, आवाज चालू ठेवून, शेजारी त्या दिवसाची तारीख लिहिलेला कागद. वेगात पळणारं इंजिन काहीच सांगत नाही. हळू चालताना चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला टक-टक होत असेल किंवा झटका बसत असेल तर आसावरचा प्लॅस्टिकचा गिअर तडकलेला. थांबत-थांबत जात असेल तर चाकं मळलेली किंवा पिकअपच्या (चाकांवरून वीज घेणाऱ्या) पट्ट्या सुटलेल्या. मळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने निघतो, तडकलेला गिअर बदलावाच लागतो, आणि जुन्या मॉडेलचा नेमका गिअर मिळवणं हा स्वतंत्र उद्योग आहे.

लोक जुन्या लॉटकडे का वळतात तेही उघड आहे. स्केल मॉडेलं कस्टम्सच्या लेखी खेळण्यांच्या शीर्षकात, ९५०३ खाली येतात. २०२३ च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं मूळ शुल्क ६० वरून ७० टक्के झालं आणि १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएस (भारतीय मानक) प्रमाणपत्राची सक्तीही आहे. बाहेरून मागवणं महाग आणि कटकटीचं, म्हणून देशातला लॉट दिसला की घाई होते. याच भीतीवर दुसरी टोळी जगते. 'तुमचं पार्सल कस्टम्समध्ये अडकलंय, दंड या यूपीआयवर भरा' असा फोन येतो. कस्टम्स खातं कुणाच्या खासगी खात्यावर पैसे मागत नाही. आणि पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, पिनही टाकावा लागत नाही. रिफंड देतो म्हणून क्यूआर पाठवला की फोन ठेवा.

पार्सल आलं की उघडण्याआधी वजन करा आणि कुरिअरच्या पावतीवरच्या वजनाशी ताडा. लेबलपासून शेवटचं इंजिन बाहेर येईपर्यंत एकच अखंड व्हिडिओ काढा. लेआउट नसला तरी चाचणी अडत नाही. हातभर रूळ आणि ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी पुरते: दोन वायरी दोन रुळांना लावल्या की डीसी इंजिन हललंच पाहिजे, वायरी उलटवल्या की दिशा बदलली पाहिजे. तीन रुळी इंजिनावर हा प्रयोग करू नका. हे सगळं तीन दिवसांत उरका आणि दोष त्याच दिवशी लेखी कळवा, फोनवर नाही.

मग साठवण. वरच्या मजल्याचा स्लॅबखालचा माळा ही सगळ्यात वाईट जागा: एप्रिलमध्ये प्लॅस्टिक वाकतं, जुलैत ओल. आतल्या भिंतीला लागून असलेलं कपाट बरं. घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात सिलिका जेल आणि छोटा हायग्रोमीटर ठेवा, आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांत राहिली पाहिजे. नारिंगी जेल हिरवं झालं की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन-तीन तास तापवून पुन्हा वापरा. डांबरगोळ्या चुकूनही नकोत. त्यांच्या वाफेने पॉलिस्टायरिन मऊ पडतं, शेल चिकट होतं. बबल रॅप थेट रंगाला लागू देऊ नका, उन्हाळ्यात गोल वळ उठतात. मूळ खोक्यातला जुना स्पंज चिकट किंवा भुगा होऊ लागला असेल तर काढून टाका आणि इंजिन ॲसिडविरहित टिश्यूत गुंडाळा. रबरबँड नको. इंजिन चाकांवर उभं ठेवा, कुशीवर ठेवलं की तेल शेलमध्ये उतरतं. वर्षातून दोनदा प्रत्येक इंजिन बाहेर काढून पाच-दहा मिनिटं चालवा आणि शेल-चॅसीमधली फट बघा. झिंक पेस्ट तिथेच आधी दिसते.

पैसे ऑनलाइन देऊन माल आलाच नसेल तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा, पहिल्या काही तासांतच पैसे गोठवता येण्याची शक्यता जास्त. दुकान किंवा नियमित विक्रेता असेल तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि ग्राहक आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत आहे. एखाद्याने घरचं जुनं सामान एकदाच विकलं असेल तर ग्राहक कायदा सहसा लागू होत नाही. जाणूनबुजून खोटं सांगितल्याचं दाखवता आलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ उरतं, आणि तिथे ते चॅट, फोटो आणि अखंड व्हिडिओच कामाला येतात.

या लॉटमधलं सगळंच वाया गेलं असं नाही. मार्कलिनचं इंजिन तीन रुळी संग्राहकाला योग्य भावात जातं. ओओचे डबे ब्रिटिश गाड्या जमवणाऱ्याला चालतात. १२० व्होल्टचा कंट्रोलर चांगल्या स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरवर चालू शकतो, पण थोडा तापतो, म्हणून त्यावर नजर ठेवावी लागते. तडकलेल्या इंजिनाची मोटर, चाकं, दिव्यांचा बोर्ड आणि शेल सुटे भाग म्हणून विकता येतात. जाहिरातीत मात्र 'चॅसी गेलेली, फक्त सुट्या भागांसाठी' असं लिहावं आणि खालून काढलेला फोटो पहिला टाकावा.