गाडी टिकाऊ होती, तरी मी फसलो

मला फसवणारा माणूस गाडीबद्दल जे बोलला त्यातलं बहुतेक सगळं खरं होतं. थापाड्या माणूस आपल्याला लगेच ओळखता येतो, असा माझा वर्षानुवर्षांचा समज होता. हा खरं बोलत होता आणि मी मान डोलवत होतो.

२०२३ चा दसरा जवळ आला होता. मी नाशिकला इंदिरानगरात राहतो, नोकरी अंबडला, मुलगी ठाण्याला दिलेली. त्यामुळे महिन्यातून दोनदा तरी कसारा घाट असतोच. जुनी डिझेल गाडी काढून हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्ही असलेली गाडी घ्यायची हे डोक्यात पक्कं होतं, पण नव्याची किंमत ऐकून सेकंडहॅन्डवर आलो. पाथर्डी फाट्याच्या बाजूला एका गाडीबाजारात टोयोटाची २०१५ ची कॅमरी हायब्रिड उभी होती. पांढरी, मुंबई पासिंग, एका कंपनीच्या नावावर, मीटरवर ७८,४०० किलोमीटर. मागत होता दहा लाख वीस, तुटली नऊ लाख ऐंशीला.

डीलर पस्तिशीचा, गोड बोलणारा. "साहेब, हायब्रिड म्हणजे बॅटरी जाते असं लोक उगाच म्हणतात. जपानमध्ये टोयोटाचीच हायब्रिड प्रियस १९९७ पासून चालतेय. हिला क्लच नाही, स्टार्टर मोटर नाही, अल्टरनेटर नाही. बिघडायला आहेच काय?" हे खरं आहे. ब्रेक मारला की मोटरच जनरेटर होते, त्यामुळे ब्रेक पॅड नेहमीच्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त टिकतात. तेही खरं. संगणक बॅटरी पूर्ण भरू देत नाही आणि पूर्ण रिकामीही होऊ देत नाही, साधारण चाळीस ते ऐंशी टक्क्यांच्या मधेच खेळवतो, म्हणून ती मोबाईलच्या बॅटरीसारखी दोन-तीन वर्षांत मरत नाही. हेही अगदी खरं. उलट भर मीच घातली. अमेरिकेतल्या कंझ्युमर रिपोर्ट्स या ग्राहकांच्या मासिकाने २०११ साली २००२ ची एक प्रियस तपासली होती. ती दोन लाख मैलांच्या, म्हणजे सव्वातीन लाख किलोमीटरच्या पुढे पळालेली होती, बॅटरी मूळचीच, आणि तरी तिचं अ‍ॅव्हरेज नव्या गाडीच्या जवळपास भरलं. हे मी त्याला ऐकवलं. तो म्हणाला, "साहेब, तुमचा अभ्यास आहे." तिथेच मी विकला गेलो.

"मेंटेनन्स नीट असेल तर ही गाडी तीन-चार लाख आरामात करते," असंही तो म्हणाला. या वाक्यातला 'असेल तर' मी ऐकलाच नाही.

बायकोने मात्र एक गोष्ट पाहिली होती. ती पुढच्या सीटवर बसली, खाली वाकली आणि म्हणाली, "अहो, गाडी एवढी कमी चालली म्हणतात, मग ब्रेकच्या पायाखालचं रबर नवं कोरं कशाला?" डीलर हसला. "वहिनी, आम्ही डिलिव्हरीच्या आधी सगळं चकाचक करून देतो." मी तिला म्हटलं, तुला गाड्यांतलं काय कळतं. हे वाक्य आमच्या घरात अजून अधूनमधून परत येतं, माझ्याच आवाजाची नक्कल करून.

टेस्ट ड्राइव्ह दिली ती अकरा वाजता, सपाट रस्त्यावर, जेमतेम दहा-बारा मिनिटं. इंजिन आधीच गरम होतं. डॅशबोर्डवर एकही दिवा नाही. दसऱ्याला हार घातला, लिंबं चाकाखाली फोडली.

पहिल्या महिन्यात अ‍ॅव्हरेज अकरा मिळालं. मी गावातल्या ट्रॅफिकला दोष दिला, खरं तर हायब्रिड ट्रॅफिकमध्येच जास्त अ‍ॅव्हरेज देते. सीटच्या मागून हेअर ड्रायरसारखा आवाज यायचा. तेही मी 'असेल काही' म्हणून सोडलं. डिसेंबरात ठाण्याहून परत येताना कसारा घाट चढायला लागलो आणि पडद्यावरच्या बॅटरीच्या कांड्या भराभर उतरल्या. आठ होत्या त्या दोन झाल्या. जरा उतार लागला की लगेच आठ. धरण रिकामं होऊन तासाभरात पुन्हा भरावं तसं. वरच्या वळणांवर लाल त्रिकोण लागला आणि गाडीतला जीवच गेला. चाळीसच्या स्पीडने, ट्रकवाल्यांच्या शिव्या खात, इगतपुरीला आलो.

डीलरला फोन केला. "साहेब, छोटी बॅटरी वीक असेल." हाही एक अर्धसत्याचा नमुना. हायब्रिडमध्ये बारा व्होल्टची वेगळी छोटी बॅटरी असते आणि ती उतरली तरी भलते भलते दिवे लागतात. ती बदलली. दिवा चार दिवसांनी परत हजर. मग त्याचा फोन लागेना.

इथे मी दुसऱ्यांदा फसलो आणि ते सर्वस्वी माझ्या चिक्कूपणाने. नाशिकमधल्याच द्वारका भागातल्या एका गॅरेजवाल्याने सांगितलं, अख्खी बॅटरी बदलायची गरज नाही, खराब सेल तेवढे बदलू, बेचाळीस हजार. मला ते फार शहाणपणाचं वाटलं. तीन सेल बदलले, दिवा गेला, मी त्याला वर पेढे नेऊन दिले. एप्रिलचं ऊन तापलं तसा दिवा परत आला.

शेवटी कंपनीतल्या एका सहकाऱ्याने अंबडच्या एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियन काकांकडे नेलं. काका दिंडोरीकडचे, कमी बोलणारे. त्यांनी मागची सीट काढली, रबरी हातमोजे घातले, नारिंगी वायरींचा सर्व्हिस प्लग उपटून खिशात टाकला आणि म्हणाले, "आता दहा मिनिटं चहा. आतला करंट मरू द्या." मग झाकण उघडलं. एका रांगेत चौतीस मॉड्यूल, गॅरेजवाला ज्यांना सेल म्हणत होता तेच. त्यातले पाच चकचकीत, एकोणतीस काळवंडलेले, तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवट बुरशी आल्यासारखी. तीन मी बसवलेले. उरलेले दोन? "ते तुम्हाला विकायच्या आधी बसवलेत," काका म्हणाले.

मग त्यांनी हवेचा पंखा दाखवला. या गाडीची बॅटरी केबिनमधल्या हवेने थंड होते. मागच्या सीटपाशी एक जाळी असते, तिथून पंखा हवा ओढतो. त्या पंख्याच्या पात्यांवर करड्या रंगाचा नमदा जमला होता. धूळ, केस, सीट कव्हरचे धागे. काकांनी तो बोटाने सोलून काढला तर पापडासारखा अख्खा निघाला. "हा दरवर्षी साफ करायचा असतो. पाचशे रुपयांचं काम नाही. हवा मिळाली नाही की बॅटरी शिजते."

प्रत्येक मॉड्यूलला मीटर लावला तर सगळे ७.८ व्होल्टच्या आसपास. मला हायसं वाटलं. काकांनी हेडलाइटचा जुना बल्ब जोडून भार दिला, तर जुन्यातले चार जण दोन मिनिटांत ६ च्या खाली बसले. "नुसतं उभं राहताना सगळे पैलवान. नांगराला जुंपलं की कळतं. ही एका जुवाला बांधलेली चौतीस बैलं समजा. पाच तरणे आणले म्हणून काय, एक म्हातारा बसला की औत थांबलं." दिवा का दिसला नाही तेही त्यांनीच सांगितलं. स्कॅनर लावून सकाळी संगणकातला बिघाडाचा कोड पुसायचा, गिऱ्हाईक येईपर्यंत गाडी गरम ठेवायची, घाटाकडे जाऊ द्यायचं नाही. संगणकाला स्वतःच्या तपासण्या पुन्हा पूर्ण करायला काही दिवसांचं चालणं लागतं, तोवर डॅशबोर्ड स्वच्छ. चांगल्या स्कॅनरवर त्या तपासण्या 'अपूर्ण' दिसतात. गाडी रोज चालते असं सांगतात आणि तपासण्या अपूर्ण, म्हणजे कोणीतरी नुकतंच पुसलंय.

त्यानंतर मी जे केलं ते दसऱ्याआधी करायला हवं होतं. आरसी घेऊन टोयोटाच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये गेलो आणि चॅसिस नंबरवरून सर्व्हिसच्या नोंदी मागितल्या. दहा मिनिटांचं काम. दीड लाख किलोमीटरपर्यंत प्रत्येक सर्व्हिस वेळेवर, ऑइल, इन्व्हर्टरचा कूलंट, सगळं. तोवर गाडीची एक तक्रार नाही. मग नोंदी विरळ होत गेलेल्या. डिसेंबर २०२२ ला हायब्रिडचा दिवा लागल्याची तक्रार, पुढे शेरा: बॅटरी बदलण्याचा सल्ला दिला, ग्राहकाने नकार दिला. शेवटची नोंद फेब्रुवारी २०२३, किलोमीटर २,०४,३००. माझ्याकडे आली तेव्हा ७८,४००.

काउंटरवरच्या मुलाने कागद माझ्याकडे सरकवला आणि उगाचच संगणकाकडे बघत बसला. भला मुलगा.

आता पैशाचं. कागदोपत्री मला गाडी डीलरने विकलीच नव्हती. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर विकणारी म्हणून मुंबईच्या त्या कंपनीची सही. माझे चार लाख कुणा तिसऱ्याच्याच खात्यात, उरलेले रोख. डीलर म्हणाला, मी फक्त मध्यस्थ. वास्तविक १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्या डीलरला आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं, गाडी त्याच्या ताब्यात आल्याचं आरटीओला कळवावं लागतं. त्याच्याकडे ते नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. रोख दिल्यावर 'नंतर देतो' म्हणालेली पावती अजून यायची आहे.

एकच गोष्ट माझ्या बाजूची निघाली. त्याचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज मी पुसले नव्हते. '७८ हजार ओरिजिनल, गॅरंटी माझी' असं त्याने स्वतः लिहिलंय, खाली मीटरचा फोटो. त्या जोरावर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली. मुदत दोन वर्षांची असते आणि माझ्या रकमेला फी दोनशे रुपये. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला होता, कुठले कागद लागतील हे तिथेच कळलं. तारखा पडतायत. त्या बाजारावरची पाटी मध्यंतरी बदलली, माणूस तोच आहे.

काका म्हणाले होते, इंजिन सोन्यासारखं आहे, गिअरच्या डब्यात आवाज नाही, गाडी फेकू नका. महिनाभर हो-नाही करत अखेर टोयोटाची नवी बॅटरी टाकली. गाडीच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास खर्च आला. वाईट वाटलं, पण त्यानंतर अ‍ॅव्हरेज सतराच्या पुढे गेलं आणि कसारा घाटात कांड्या शहाण्यासारख्या उतरतात-चढतात. पंख्याची जाळी आता दर दिवाळीच्या साफसफाईत मीच काढतो. गाडी सावलीत लावतो, आणि पंधरा दिवस नुसती उभी राहू देत नाही.

नात्यात कोणी जुनी हायब्रिड बघायला निघालं की मला बोलावतात. मी एवढंच करतो: आदल्या रात्री फोन करून सांगायला लावतो की गाडी आम्ही येईपर्यंत चालू करू नका. गेल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवतो. टायरवरचे चार आकडे वाचतो. ३१२२ म्हणजे २०२२ चा एकतिसावा आठवडा. टायर गाडीपेक्षा नवे, म्हणजे ते बदललेत; पण चाळीस हजारच चाललेल्या गाडीला टायरचा नवा सेट कशाला लागेल? मग एसी फुल लावून गाडी चढावर न्यायची आणि पडद्यावरच्या कांड्या मोजायच्या. डीलर चढावर नेऊ देत नसेल तर तिथूनच मिसळ खायला जायचं. २०२२ नंतरच्या हायब्रिड गाड्यांत कितीतरी मॉडेलच्या बॅटरीला आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी आहे, यातलं जे आधी होईल ते. म्हणजे तिथे मीटर मागे फिरवण्यात आणखी फायदा. नोंदी काढल्याशिवाय टोकनचे पाच हजारसुद्धा देऊ नका.

मीटर मात्र मी दुरुस्त करून घेतला नाही, केस चालू आहे, पुरावा आहे तो. बायकोने त्याच्या शेजारी एक चिठ्ठी चिकटवली आहे, तिच्या गोल अक्षरात: 'यात १,२५,९०० मिळवा.' खाली कंसात बारीक अक्षरात, 'किमान'. परवा गंगापूर रोडला पंपावरच्या पोराने ती वाचली आणि विचारलं, काका, हे काय लिहिलंय? मी सांगायच्या आत पलीकडच्या सीटवरून उत्तर आलं, "त्यांना गाड्यांतलं कळतं ना, त्याची पावती आहे ती."