पॅप स्मिअर की प्रकाशतपासणी?

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची चाहूल आधीच लागावी म्हणून या दोन तपासण्या. पॅप स्मिअरमध्ये गर्भाशयमुखाच्या पेशी ब्रशने खरवडून प्रयोगशाळेत पाठवतात. अहवाल यायला दिवस लागतात आणि तेवढ्यात कितीतरी बायका परत येतच नाहीत. मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती याचीच.

प्रकाशतपासणीत पेशी काढाव्या लागत नाहीत. बारीक प्रोबमधून (कांडीसारख्या उपकरणातून) अतिनील किंवा निळा प्रकाश टाकला की ऊतक स्वतःच मंद चमकतं. कर्करोगपूर्व बदल सुरू झाले की कोलॅजेनची (ऊतकाला आधार देणाऱ्या प्रथिनाची) चमक घटते, एनएडीएचची (पेशीच्या ऊर्जानिर्मितीत लागणाऱ्या रेणूची) वाढते. यंत्र हा फरक तिथल्या तिथे टिपतं. स्पेक्युलम (योनीमार्ग उघडा ठेवणारं साधन) मात्र दोन्हीकडे लागतोच. शिवाय साध्या सुजेनेही संकेत बदलतो, म्हणजे नाहक घाबरवण्याचा धोका आहे.

आज मला विचाराल तर आधी पॅप किंवा एचपीव्ही (या कर्करोगाला कारण ठरणारा विषाणू) चाचणीच करा. बायोप्सी (तपासणीसाठी ऊतकाचा छोटा तुकडा) नेमकी कुठून घ्यायची, हे ठरवायला प्रकाश हाताशी हवा.