सीसीटीव्हीच्या नावाखाली घरगुती रेकॉर्डर: सेलूच्या एका दुकानदाराचा अनुभव

सेलूच्या बाजारपेठेत माझे आणि माझ्या धाकट्या भावाचे कृषी सेवा केंद्र आहे. आमच्या धंद्यात चोरी पोत्यांची होत नाही, बाटल्यांची होते. साठ मिलीची आठ-नऊशे रुपयांची कीटकनाशकाची बाटली मुठीत सहज मावते, आणि मृगाच्या तोंडावर काउंटरपुढे तीस-चाळीस शेतकरी उभे असताना मागच्या फळीकडे कोणाचा हात गेला हे लक्षात येत नाही. 2024 च्या खरिपात हिशेबात चौदा बाटल्या कमी भरल्या, तेव्हा आम्ही कॅमेरे बसवायचे ठरवले.

परभणीच्या एका दुकानाने चार कॅमेरे, रेकॉर्डर, एक टेराबाइटची हार्ड डिस्क, मॉनिटर आणि वायरिंग मिळून 26 हजार रुपये सांगितले. त्याच आठवड्यात ओळखीतल्या एका व्यापाऱ्याच्या शब्दावर छत्रपती संभाजीनगरहून एक गृहस्थ आले आणि त्यांनी हेच काम 14,500 रुपयांत करून देतो असे सांगितले. दर इतका कमी कसा, असे मी विचारले, तेव्हा मी कंपनीकडून थेट माल उचलतो, मधला दलाल नाही, असे उत्तर मिळाले. ते मला पटले, आणि माझी पहिली चूक तिथेच झाली.

फेब्रुवारी 2025 मध्ये एका दिवसात फिटिंग झाले. कॅमेऱ्यांवर 2 मेगापिक्सेल असे छापलेले होते. रेकॉर्डर मात्र त्यांनी भिंतीवर ठोकलेल्या लोखंडी पेटीत ठेवला, पेटीला कुलूप लावले आणि किल्ली स्वतःजवळ ठेवली. "मालक, धुळीने मशीन खराब होते, शिवाय पोरंसोरं बटणं दाबतात. सर्व्हिसिंगला मीच येणार आहे, तुम्ही निश्चिंत राहा," असे ते म्हणाले. गल्ल्याजवळच्या मॉनिटरवर चार चौकटींत दुकानाचे चारही कोपरे दिसत होते. गिऱ्हाइकांचीही नजर तिकडे जाई. ते चित्र पाहून आम्ही समाधानी झालो. दहा हजार यूपीआयने आणि साडेचार हजार रोख दिले. पावती साध्या लेटरपॅडवरची होती, तिच्यावर "सीसीटीव्ही फिटिंग, पूर्ण सेट" एवढेच लिहिलेले होते. जीएसटी क्रमांक नव्हता, रेकॉर्डरचे मॉडेल नव्हते, हार्ड डिस्कचा उल्लेखही नव्हता.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, पेरणीची गर्दी ऐन भरात असताना, एका दुपारी काउंटरमागच्या फळीवरून बाटल्यांचा आख्खा खोका गेला. माल साडेअठरा हजारांचा होता. मी त्या गृहस्थांना फोन केला, तर दोन दिवसांनी येतो म्हणाले. पोलीस ठाण्यात तक्रार द्यायची होती, म्हणून शेजारच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातील मुलाला बोलावून आम्ही पेटीचे कुलूप तोडले.

आत जे होते ते पाहून तो मुलगा काही क्षण बोललाच नाही. ते टीव्हीचे कार्यक्रम टिपून ठेवण्यासाठी घरात वापरायचे डीव्हीडी रेकॉर्डर होते. डीव्हीडी ज्या फटीतून आत जाते ती फट काळ्या चिकटपट्टीने बंद केली होती, कंपनीचे नाव खरवडले होते, आणि त्यावर "4 चॅनल डीव्हीआर" असे, म्हणजे चार कॅमेऱ्यांचे चित्र साठवणारे यंत्र असल्याचे, छापील स्टिकर लावले होते. पुढच्या काचेवर घड्याळाचे आकडे शून्यावर लुकलुकत होते. मागे व्हिडिओ आत घेणारी पिवळी पिन एकच होती. चारही कॅमेऱ्यांच्या वायरी आधी एका वीतभर डब्यात जात होत्या. तो डबा चार चित्रांचे एक चित्र करत होता आणि तेवढेच एक चित्र रेकॉर्डरमध्ये जात होते. वरचे झाकण उघडले, तेव्हा आतल्या 160 जीबीच्या हार्ड डिस्कला रुंद चपट्या पट्टीची जुन्या पद्धतीची केबल होती आणि डिस्कच्या लेबलवर उत्पादनाचे वर्ष 2008 होते.

चोरीच्या दिवशीचे रेकॉर्डिंग नव्हते. त्या सकाळी लाईट गेली होती. सुरक्षेसाठी बनवलेला डीव्हीआर वीज परत आली की आपोआप चालू होतो आणि रेकॉर्डिंग सुरू करतो, त्याच्या घड्याळालाही नाण्याएवढ्या सेलचा आधार असतो. घरगुती यंत्र वीज आल्यावर रिमोटची वाट पाहत स्वस्थ बसते, कारण टीव्हीसमोर माणूस बसलेला आहे असे धरूनच ते बनवलेले असते. ज्या गावात उन्हाळ्यात आणि पहिल्या वाऱ्या-पावसात दिवसातून तीन-चार वेळा लाईट जाते, तिथे अशा यंत्राने पहारा कसा करावा? मॉनिटरवरचे चित्र मात्र लाईट आल्याबरोबर परत दिसू लागे, आणि म्हणूनच आम्हाला चार महिने काही कळले नाही. ही गोष्ट मला आजही सर्वांत जास्त बोचते, कारण दिसणारे चित्र आणि साठवले जाणारे चित्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला कोणी सांगितले नव्हते, आणि ज्यांना ते पक्के ठाऊक होते त्यांनी तेच माझ्यापासून लपवले.

डिस्कवर जे जुने तुकडे सापडले, तेही कामाचे नव्हते. सलग सहा तास झाले की यंत्र स्वतःच थांबत होते. डिस्क भरल्यावर जुने पुसून त्यावर नवे लिहिण्याची सोयही त्यात नव्हती. एका तुकड्यात फळीजवळ उभा असलेला माणूस दिसत होता, पण त्याच्या चेहऱ्याच्या जागी फक्त करडा डाग होता. त्या मुलाने गणित करून दाखवले. आपल्याकडच्या जुन्या पद्धतीच्या टीव्हीचे पूर्ण चित्र 720 गुणिले 576 ठिपक्यांचे असते. ते चौघांत वाटले की प्रत्येक कॅमेऱ्याच्या वाट्याला सुमारे एक लाख ठिपके येतात, तर 2 मेगापिक्सेलचा कॅमेरा एकटाच वीस लाख ठिपके देतो. आमचे कॅमेरे खरोखर 2 मेगापिक्सेलचेच होते. जुन्या रेकॉर्डरला त्यांचे चित्र पेलत नाही, म्हणून वायरीवरचे छोटे बटण दाबून ते जुन्या, अस्पष्ट पद्धतीवर आणून ठेवले होते. त्या मुलाने आपल्या दुकानातला साधा डीव्हीआर आणून जोडला आणि ते बटण पुन्हा दाबून धरले, तेव्हा खताच्या पोत्यावरची अक्षरे वाचता आली. ती अक्षरे पाहून मला जेवढा राग आला, तेवढा चोरीचे रेकॉर्डिंग नसल्याचाही आला नव्हता.

जुने घरगुती यंत्र दुसऱ्या कामाला लावण्यात मला काही गैर वाटत नाही. एखाद्या लहान दुकानदाराने स्वतःच्या घरातला पडून असलेला रेकॉर्डर एका कॅमेऱ्याला जोडला, लाईट आल्यावर रोज हाताने चालू केला आणि त्याच्या मर्यादा ओळखून वापरला, तर काहीच नसण्यापेक्षा ते बरे. माझी तक्रार आहे ती खरवडलेल्या नावाबद्दल, खोट्या स्टिकरबद्दल आणि त्या कुलपाबद्दल.

पोलीस ठाण्यातील अंमलदारांनी चोरीची तक्रार घेतली, पण असे चित्र न्यायालयात टिकणे अवघड आहे हे त्यांनी समजावून सांगितले. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे फाइल बदललेली नाही हे पडताळण्याचा सांकेतिक आकडा, नोंदवावे लागते. आमच्या यंत्रातून पेनड्राइव्हवर फाइल काढण्याची सोयच नव्हती, आणि त्यातली तारीख दर वेळी लाईट गेल्यावर पुसली जात होती.

विक्रेत्यांनी आधी "लाईट गेली, त्याला मी काय करणार?" असे उत्तर दिले आणि पेटीतल्या यंत्राचा फोटो पाठवल्यावर माझा फोन उचलणे बंद केले. मी स्पीड पोस्टाने नोटीस पाठवली आणि ऑगस्टमध्ये परभणीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल केली. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 मुळे तक्रारदार जिथे राहतो किंवा धंदा करतो तिथेच तक्रार करता येते, संभाजीनगरला खेटे घालावे लागत नाहीत, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही लागत नाही. दुकानासाठी घेतलेली वस्तू म्हणजे व्यापारी हेतू, म्हणून तुम्ही ग्राहक नाही, असे मला दोघा-तिघांनी सांगितले होते. पण स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगार करणाऱ्याने वापरायला घेतलेली वस्तू त्या व्याख्येतून वगळली जात नाही, हे वकिलांनी दाखवून दिल्यावर मला धीर आला. कच्च्या पावतीने माझी बाजू लंगडी केली आहे. यूपीआयची नोंद आणि कुलूप तोडताना भावाने काढलेला व्हिडिओ हेच माझे मुख्य आधार आहेत.

आता दुकानात खरा डीव्हीआर आहे. चार कॅमेऱ्यांचे दहा-बारा दिवसांचे रेकॉर्डिंग त्यात राहते, सोबत लहान यूपीएस आहे, आणि पेटीची किल्ली आमच्या गल्ल्यात असते. हा डीव्हीआर घेताना मी रेकॉर्डरवरचा आर-क्रमांक, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा (बीआयएस) नोंदणी क्रमांक, बीआयएस केअर अॅपमध्ये घालून तपासला, बिलावर मॉडेल आणि हार्ड डिस्कचा क्रमांक लिहून घेतला, विक्रेत्यासमोर मेन स्विच बंद करून पुन्हा चालू केला आणि आदल्या दहा मिनिटांचे चित्र त्यांना पेनड्राइव्हवर काढून द्यायला लावले. या सगळ्याला अर्धा तास लागला. त्यांनी कुरकुर केली नाही.

त्याच गृहस्थांनी सेलूत आणखी निदान दोन दुकानांत अशीच कुलूपबंद पेटी बसवली आहे, आणि जिंतूर व मानवतलाही कामे केल्याचे ते स्वतःच सांगत असत. ज्यांच्या भिंतीवर अशी पेटी असेल, त्यांनी कृपया ती उघडून पाहावी, उघडतानाचा व्हिडिओ काढावा आणि पैसे दिल्याची नोंद जपून ठेवावी. एकाच तक्रारीत सारखे हितसंबंध असलेल्या अनेक ग्राहकांनी आयोगाच्या परवानगीने एकत्र येण्याची तरतूद कायद्यात आहे, पण तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे, आणि माझ्या आधी ज्यांनी पेटी बसवून घेतली त्यांची मुदत माझ्या आधी संपू शकते.