वजाबाकी करावी की चिन्ह पालटावं? घटाचं प्रमाण व्होल्टेज काढताना

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची कितीतरी पोरं दहावीपर्यंत विज्ञान मराठीतून शिकतात आणि पीयूसीला (अकरावी-बारावीला) एकदम इंग्रजीत जाऊन पडतात. विद्युत-रसायनाच्या धड्यात त्यांची पहिली अडचण गणिताची नसतेच, शब्दाची असते. अॅनोड म्हणजे धनाग्र हे पाठ असतं, आणि धन म्हणजे अधिक. विद्युत अपघटनात ते खरंही ठरतं. पण डॅनियलच्या घटात, म्हणजे जस्त-तांब्याच्या सेलमध्ये, अॅनोड असतं जस्ताचं, आणि तेच ऋण टोक! म्हणून कुठल्याही घटात न बदलणारी खूण धरा: ऑक्सिडेशन (इलेक्ट्रॉन सोडणं) होतं ते अॅनोड, रिडक्शन (इलेक्ट्रॉन घेणं) होतं ते कॅथोड.

आता पद्धती. वजाबाकीत दोन्ही टोकांची रिडक्शन पोटेन्शियल (इलेक्ट्रॉन घेण्याची ओढ, व्होल्टमध्ये) तक्त्यातून जशीच्या तशी उचलायची आणि कॅथोडच्या आकड्यातून अॅनोडचा वजा करायचा. तांबं +०.३४, जस्त −०.७६, म्हणजे ०.३४ − (−०.७६) = १.१० व्होल्ट. दुसऱ्या पद्धतीत जस्ताची अभिक्रिया उलटी लिहून चिन्ह पालटायचं आणि बेरीज करायची: ०.३४ + ०.७६. उत्तर तेच. जस्त इलेक्ट्रॉन सोडतं, तांब्याचे आयन ते घेतात, हे बेरजेत डोळ्यांसमोर उभं राहतं, म्हणून सुरुवातीला मी तीच शिकवतो. पण सीईटीला, म्हणजे कर्नाटकच्या प्रवेश परीक्षेला, ८० मिनिटांत ६० प्रश्न असतात, तिथे वजाबाकीच. घाईत चिन्ह पालटून वर पुन्हा वजा करणारी हुशार पोरं मी पाहिली आहेत: ०.३४ − ०.७६ = −०.४२. चालता घट कागदावर बंद!

एक चूक मात्र दोन्ही पद्धतींत होते. तांबं-चांदीच्या घटात समीकरण जुळवायला चांदीची अभिक्रिया २ ने गुणावी लागते, पण तिचे ०.८० व्होल्ट गुणायचे नाहीत. व्होल्ट म्हणजे दर कूलोंबमागची ऊर्जा. चांदी दुप्पट घेतली की ऊर्जा दुप्पट, प्रभारही दुप्पट, भागाकार तोच. उत्तर ०.४६, गुणलंत तर १.२६ येईल.

तिसरी वाट म्हणजे डेल्टा जी = −एन × एफ × ई (डेल्टा जी म्हणजे मुक्त ऊर्जेतला बदल, एन इलेक्ट्रॉनांची संख्या, एफ फॅरडे स्थिरांक, ई व्होल्टेज). डॅनियलच्या घटाला −२ × ९६५०० × १.१०, सुमारे −२१२ किलोज्यूल. नुसत्या व्होल्टेजसाठी हा लांबचा वळसा आहे. पण लोखंडाचं हे गणित बघा. फेरिकपासून (Fe³⁺) फेरस (Fe²⁺) +०.७७, फेरसपासून लोखंड −०.४४, तर फेरिकपासून थेट लोखंड किती? सरळ बेरीज ०.३३ येते, आणि ती चूक आहे. इथे बेरीज डेल्टा जीची करायची, व्होल्टची नाही, म्हणून इलेक्ट्रॉन धरून मांडा: (१ × ०.७७ + २ × −०.४४) ÷ ३ = −०.०४ व्होल्ट, जवळपास. इथे उत्तर म्हणून आलेली अभिक्रियाही अर्धीच आहे, तिच्यात ३ इलेक्ट्रॉन उरतात. तेव्हा आकड्यांना हात लावण्याआधी समीकरण पाहा. इलेक्ट्रॉन कटून गेले असतील तर वजाबाकी, उरले असतील तर डेल्टा जी.