ऑटोमॅटिक गिअरबॉक्स: आधी तपासणी की थेट उघडणे?

धुळ्यातील एका स्नेह्यांच्या टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद ऑइलमार्फत पुढे पोचवणारा भाग) असलेल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या मोटारीने दोन लाख किलोमीटर ओलांडले असून, चाळीसगावहून कन्नड घाट चढताना इंजिनाचे फेरे वाढतात, पण वेग वाढत नाही. आधी ऑइल पाहून स्कॅनरने (बिघाडाचे कोड वाचणाऱ्या यंत्राने) तपासणी करावी, की गिअरबॉक्स उतरवून थेट उघडावा, असा त्यांच्यापुढे पेच आहे.

खर्चात तुलनाच नाही; तपासणी कितीतरी स्वस्त. गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी दोष सापडो वा न सापडो, द्यावीच लागते.

निदानाच्या खात्रीचा मुद्दा मात्र बारकाईने पाहावा लागतो. ऑइल काळे पडून जळका वास येत असेल, तर क्लच प्लेटा झिजल्याची शंका घ्यावी. साधा स्कॅनर अनेकदा केवळ ‘पी०७००’ हा कोड दाखवतो, ज्याचा अर्थ गिअरबॉक्सच्या नियंत्रकात बिघाडाची नोंद आहे एवढाच असतो. नेमका कोड त्या नियंत्रकातूनच वाचावा लागतो. कमी ऑइल, वायरिंग किंवा सोलेनॉइडचा (ऑइलचा प्रवाह नियंत्रित करणाऱ्या विजेवरील झडपेचा) विद्युत दोष शोधण्यासाठी सगळा गिअरबॉक्स उघडण्याची गरज नसते. गरम ऑइल पातळ होऊन दाब घटू शकतो, म्हणून दाबाची चाचणी गाडी तापल्यावरही घ्यावी. जळगावच्या उन्हाळ्यात सकाळी थंड गाडी पाहून दिलेला निर्वाळा माझ्या मते निरुपयोगी आहे.

उघडल्याने प्लेटा, सील आणि पंप यांची झीज डोळ्यांनी दिसते, हा त्याचा खरा फायदा. परंतु त्यासाठी अनुभवी हात हवा.

त्रास अधूनमधून होत असल्यास तपासणी पुरेशी ठरेल. तळाच्या पात्रात धातूचे तुकडे सापडले असतील किंवा ऑइल पुरेसे असून दाबच मिळत नसेल, तर उघडणे योग्य. मात्र दुरुस्तीचा अंदाज गाडीच्या किमतीला भिडत असेल, तर त्याआधी गाडी विकण्याचा विचार करावा.