डोंगरावरची बैठक आणि किनाऱ्यावरची बैठक: दोन्ही जागांचा अनुभव

आमच्या कंपनीच्या वार्षिक नियोजन बैठकीसाठी जागा शोधायचं काम गेली नऊ वर्षं माझ्याकडे आहे. मागच्या वर्षी आम्ही डोंगरावरच्या एका हॉटेलात गेलो होतो, यंदा समुद्रकिनाऱ्यावरच्या रिसॉर्टमध्ये. दोन्ही वेळा माणसं २४, मुक्काम दोन रात्रींचा. नावं लिहीत नाही. जे घडलं ते अशा कुठल्याही जागी घडू शकतं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी डोंगर. हॉटेल २,६०० मीटर उंचीवर. खिडकी उघडली की समोर बर्फाची शिखरं, खाली देवदार, आणि इतकी शांतता की शेजारच्या खोलीतला पंखा ऐकू यावा. फोटो बघूनच मी भुलले होते. दुपारी बाराला पोहोचायचं आणि तीनला पहिलं सत्र, असा बेत मी आखला. चूक इथेच झाली. शेवटचे तीन तास नुसता वळणांचा रस्ता होता, त्यात दोघांना उलट्या झाल्या. संध्याकाळपर्यंत पाच जणांची डोकी ठणकत होती. आमच्या हिशेब विभागातले सर साठीच्या जवळ आलेले. हॉल पहिल्या मजल्यावर होता आणि ते जिन्यात तिसऱ्या पायरीवर कठडा धरून उभे होते. मी विचारलं, तर म्हणाले, "काही नाही, दम घेतोय." तो चेहरा मी विसरू शकलेले नाही.

साधारण २,५०० मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास होऊ शकतो, आणि तो पोहोचल्या पोहोचल्या नाही, काही तासांनी जाणवतो. म्हणजे नेमका आमच्या पहिल्या सत्राच्या वेळी. बुकिंग घेणाऱ्यांनी यातलं अवाक्षर काढलं नव्हतं. जिथे रोज नवी माणसं येतात, त्यांनी हे आपणहून सांगायला हवं, असं माझं ठाम मत आहे. उद्योगजगताची बैठक १९७१ पासून ज्या दावोसला भरते, ते गाव १,५६० मीटरवर आहे. थंडावा मिळतो, पण डोकं धरून बसावं लागत नाही. तेव्हापासून मी १,८०० मीटरच्या वरची जागा घेत नाही. घ्यायचीच झाली तर पहिला दिवस पूर्ण मोकळा ठेवायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रोजेक्टर चाळीस मिनिटं चालून बंद पडला. पुन्हा लावला, पुन्हा बंद. हॉटेलचा तंत्रज्ञ मुलगा आला, त्याने मागे हात लावून पाहिलं, तर यंत्र चांगलंच तापलेलं. मग मेनूत शिरून त्याने 'हाय ॲल्टिट्यूड' नावाचा पर्याय सुरू केला. विरळ हवा उष्णता कमी वाहून नेते, म्हणून अशा उंचीवर आतला पंखा जास्त वेगाने फिरावा लागतो. पंख्याचा आवाज वाढला, मागच्या रांगेला बोलणारा नीट ऐकू येईना, पण दिवस निभावला. प्रोजेक्टर आमचाच होता, त्यामुळे हा दोष हॉटेलच्या माथी मारणार नाही. त्या मुलाला मात्र पैकीच्या पैकी गुण.

आणि तरीही त्या डोंगराने एक गोष्ट दिली. जायला दुसरं ठिकाणच नसल्यामुळे माणसं एकत्र राहिली. रात्री शेकोटीभोवती दोन विभागांचं सहा महिन्यांचं भांडण मिटलं. आमची सॉफ्टवेअरची मंडळी स्नोबर्डचा दाखला देतात. २००१च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या युटामधल्या त्या स्कीच्या ठिकाणी सतरा जण जमले आणि 'अजाइल' जाहीरनामा, म्हणजे सॉफ्टवेअर छोट्या टप्प्यांत, बदल सामावून घेत बनवण्याची तत्त्वं, तयार करूनच उठले. मला तो दाखला पटतो. छोट्या गटाला एका निर्णयापर्यंत यायचं असेल तर डोंगर उत्तम.

किनाऱ्यावर पोहोचणं सोपं होतं, कोणालाही त्रास झाला नाही. हॉलला पश्चिमेकडे अखंड काचेची भिंत, पलीकडे समुद्र. सकाळी सगळे खूश. साडेतीनला ऊन थेट आत आलं आणि स्क्रीनवरची अक्षरं गायब. पडदे पातळ, शोभेचे. कर्मचाऱ्यांनी धावपळ करून खोल्यांतल्या चादरी आणल्या आणि काचेला लावल्या. त्यांची तळमळ खरी होती, पण हॉल बांधताना याचा विचार व्हायला हवा होता. समोर लाटा दिसत असताना आकड्यांकडे कोण बघणार, हा प्रश्न वेगळाच. आता मी खुर्च्या अशा मांडायला सांगते की खिडकी सगळ्यांच्या पाठीशी येईल.

दमट हवेचा फटका रात्री बसला. दिवसभर लिहिलेले फ्लिपचार्टचे कागद आम्ही चिकटपट्टीने भिंतीवर लावून ठेवले होते. सकाळी दार उघडलं तर अकराच्या अकरा कागद जमिनीवर, कडा वळलेल्या. मी गुडघ्यांवर बसून ते क्रमाने लावत होते. आता रात्री निघण्याआधी प्रत्येक कागदाचा फोटो काढल्याशिवाय मी हॉलला कुलूप लावू देत नाही.

वाळूवरची फेरी मी साडेपाचला ठेवली होती. गेलो तर भरती, चालायला वाळूच नाही. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. तक्ता स्वागतकक्षातच टांगलेला होता, मी पाहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी तक्ता बघून ओहोटीला निघालो आणि मग मात्र समुद्राने भरभरून दिलं. माणसं दोघं-दोघं चालत होती. समोरासमोर बसून जे बोलवत नाही, ते शेजारी चालताना सहज निघतं. हिशेब विभागातले सरही शेवटपर्यंत आले.

१९४४च्या जुलैत अमेरिकेतल्या ब्रेटन वुड्सच्या डोंगरातल्या हॉटेलात युद्धानंतरची जागतिक चलनव्यवस्था ठरवायला ४४ देशांचे प्रतिनिधी तीन आठवडे बसले. त्यातले ब्रिटिश अर्थतज्ज्ञ केन्स यांची तब्येत नाजूक होती, आणि वॉशिंग्टनच्या उन्हाळ्यात बैठक नको, असं त्यांनी आधीच कळवलं होतं. आमच्या सरांनी असं कधी कळवलं नसतं. ते कळवणार नाहीत, म्हणून मीच विचारायला हवं. आता जागा बघण्याआधी मी प्रत्येकाला एकट्याने फोन करते: दमा, रक्तदाब, गुडघे, गाडी लागणं.

डोंगराच्या हॉटेलाला मी पाचपैकी तीन गुण देईन, किनाऱ्याला साडेतीन. पुढच्या वर्षासाठी १,४०० मीटरवरची एक जागा बघितली आहे. हॉल तळमजल्यावर, बाहेर लांब ओसरी. परवा तिथल्या व्यवस्थापकांनी मी मागितलेला फोटो पाठवला, दुपारी बरोबर साडेतीनला काढलेला. जाड पडदे ओढलेले आहेत आणि स्क्रीनवरची बारीक अक्षरंही वाचता येतात. त्याच संध्याकाळी बुकिंग करून टाकलं.