पाच फूट एक इंच आणि पहिली ड्युअल-स्पोर्ट: एक्सपल्स, हिमालयन की तिसरंच काही?

गेल्या आठवड्यात मामेबहिणीचा फोन. "ताई, हिमालयन घेऊ की एक्सपल्स?" हिमालयन रॉयल एनफिल्डची, एक्सपल्स हीरोची; दोन्ही ड्युअल-स्पोर्ट, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींवर चालणाऱ्या बाइक. बहीण लालबागला राहते. उंची पाच फूट एक, वजन पन्नासच्या आतबाहेर, आणि आजवर चालवलंय काय, तर आईची अ‍ॅक्टिव्हा. आमच्या घराण्यात उंची कुणाच्याच वाट्याला आलेली नाही. मी तिच्याहून जेमतेम अर्ध्या इंचाने उंच, आणि तीन वर्षं एक्सपल्स २०० ४व्ही चालवतेय. फोनवर पाऊण तास बोलूनही तिचं समाधान झालं नाही, म्हणून आता सगळं लिहूनच काढते.

आधी तिला तिचं लायसन्स बघायला सांगितलं. स्कूटरवर काढलेलं लायसन्स बहुतेक वेळा "विदाउट गिअर"चं असतं आणि ते बाइकला चालत नाही. गिअरच्या वर्गासाठी नव्याने लर्निंग काढायचं, तीस दिवस थांबायचं, मग टेस्ट. बाइक बुक करून मग हे कळलेल्या दोघीजणी मला माहीत आहेत.

आता आकडे. तिच्या यादीत होत्या त्या आणि मी घुसडल्या त्या गाड्या, सीटची उंची, पेट्रोलसकट वजन आणि पुढचं चाक या क्रमाने:

एक्सपल्स २०० ४व्ही: ८२५ मिमी, १५९ किलो, २१ इंच
एक्सपल्स २१०: ८३० मिमी, १६८ किलो, २१ इंच
हिमालयन ४११ (आता सेकंडहँडच): ८०० मिमी, १९९ किलो, २१ इंच
हिमालयन ४५०: ८२५ मिमी, १९६ किलो, २१ इंच
सुझुकी व्ही-स्ट्रॉम एसएक्स: ८३५ मिमी, १६७ किलो, १९ इंच
कावासाकी केएलएक्स २३०: ८८० मिमी, १३९ किलो, २१ इंच

बुटकी माणसं यातला पहिलाच आकडा वाचतात आणि तिथेच फसतात. ८०० म्हणजे सगळ्यात कमी, म्हणजे हिमालयन ४११ आपली. मीही हेच समजत होते.

मैत्रिणीची ४११ एकदा दोन दिवस माझ्याकडे होती. बसले, दोन्ही पायांचे चवडे टेकले, जीव भांड्यात पडला. संध्याकाळी आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगच्या रॅम्पवरून ती खाली पार्किंगमध्ये घातली आणि सकाळी उलटी वर काढायला गेले. पुढचं चाक उताराकडे, समोर भिंत, बाजूला शेजारच्या काकांची वॅगनआर. बसून पायांनी मागे रेटावं तर चवड्यांना जोर येईना. उतरून डाव्या बाजूने ढकलावं तर गाडी दोन इंच मागे यायची आणि तीन इंच पुढे जायची. शेवटी वॉचमनना हाक मारली. माझी एक्सपल्स त्याच रॅम्पवरून मी रोज एकटी काढते. दोन्हींच्या वजनात ४० किलोंचा फरक आहे. घरगुती गॅसचा भरलेला सिलिंडर साधारण तीस किलोंचा असतो. तो हँडलला अडकवून ढकलायचंय असं समजा, वर दहा किलो तांदूळ.

म्हणून मी म्हणते, सीट २५ मिमी उंच असली तर बूट, बसायची ढब आणि सवय यांनी निभावतं. ४० किलोंवर असा काही उपाय नाही. आणि मुंबईत गाडी चालवण्याइतकीच उभी करावी, वळवावी, ढकलावी लागते. लालबागच्या चाळीखाली दोन स्कूटर आणि एक हातगाडी यांच्या फटीतून ती रोज निघायची आहे.

आता पाय टेकण्याचा हिशेब, कारण यावर उगाच घाबरवणारे फार. पाच फूट एक इंचाच्या माणसाच्या पायाची आतली लांबी साधारण ७० ते ७३ सेंटिमीटर भरते. जाड तळव्याचे बूट घातले की ७५-७६. एक्सपल्सची सीट साडेब्याऐंशी. म्हणजे कागदावर सहा-सात सेंटिमीटर कमी. पण बसल्यावर शॉकअप थोडा दबतो, टाच उचलली की पाय लांब होतो, आणि सीट पुढच्या बाजूला अरुंद असेल तर मांड्या कमी फाकतात. एक्सपल्सची सीट पुढे अरुंदच आहे. त्यामुळे दोन्ही पायांची बोटं टेकतात, आणि ढुंगण जरा डावीकडे सरकवलं की डावा चवडा पूर्ण. तेवढं पुरतं. सिग्नलला एकच पाय टेकायचा असतो, उजवा मागच्या ब्रेकवर. दोन्ही पाय सपाट टेकायची सवय आपल्याला स्कूटरने लावलीय, ती मोडायला मला पंधरा दिवस लागले.

एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती, मेकॅनिकने ओघात सांगितली. मागचा शॉकअप कारखान्यातून सरासरी वजनाच्या माणसासाठी लावून येतो. पन्नास किलोंचं माणूस बसलं की तो फारसा दबतच नाही, म्हणजे तीच गाडी आपल्याला ऐंशी किलोंच्या माणसापेक्षा उंच लागते. प्रीलोड, म्हणजे शॉकअपच्या स्प्रिंगला आधीच दिलेला ताण, सगळ्यात कमीवर आणायचा. एक्सपल्सवर, ४११ वर, व्ही-स्ट्रॉमवर तिघींवरही तो बदलता येतो. पाच मिनिटांचं काम, आणि शोरूममध्ये "ही आपल्याला झेपणार नाही" म्हणून सोडलेली गाडी कधी कधी तेवढ्यानेच झेपते.

पडायचंही सांगते. एलबीएस रोडवर मेट्रोच्या बॅरिकेडपाशी रांग लागली होती, मी डाव्या कडेला. थांबले, डावा पाय खाली सोडला, आणि खाली रस्ताच नाही. डांबराचा थर तिथे संपत होता आणि पुढे चार बोटं खाली पेव्हर ब्लॉक. गाडी कलायला लागली. एका कोनापर्यंत पाय पेलतो, त्यापुढे पन्नास किलोंच्या माणसाने हट्ट करू नये. मी हँडल सोडलं आणि बाजूला झाले. गाडी आडवी, लेगगार्डला ओरखडा, मागचा रिक्षावाला हॉर्नवर. इंजिन बंद केलं, हँडल पूर्ण खालच्या बाजूला वळवलं, पाठ सीटला लावून बसले, एका हाताने हँडल, दुसऱ्याने मागची पकड, आणि पायांच्या जोरावर उलटं चालत उभी केली. कंबर वापरायचीच नाही. या पद्धतीने १५९ किलो उठतात, मी उठवलेत. दोनशेच्या जवळचं धूड एकटीने उठेल का, हे तुमचं तुम्ही मैत्रिणीच्या गाडीवर, तिच्या परवानगीने, करून बघा. तेव्हापासून मी रांगेत कडेला थांबत नाही. जिथे रस्ता सपाट दिसतो तिथेच थांबते, मागचा कितीही पेटू दे.

मग हिमालयन वाईट का? अजिबात नाही. मुरबाडवरून माळशेजला ती ४११ नेली होती तेव्हा घाटात वारा अंगावर येत असताना ती जी दगडासारखी स्थिर राहिली, तसं माझ्या गाडीवर कधी वाटलं नाही. तिचा ३२ एनएमचा टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, खालच्या आरपीएमला, इंजिन हळू फिरत असतानाच मिळतो, त्यामुळे क्लच सोडताना नवशिकीचं इंजिन सहसा बंद पडत नाही. शिकायला हा फार मोठा गुण. एक्सपल्स हळू वेगात, चढावर, जरा गचके देते आणि नव्वदच्या पुढे कुंथते. पण ४११ आता सेकंडहँडच मिळणार, आणि पहिलीच गाडी जुनी घ्यायची तर सोबत जाणता माणूस हवा. हिमालयन ४५० चाळीस पीएसची (पीएस म्हणजे अश्वशक्ती) आहे. तिला सीट खाली करायची सोय आहे, ८०५ मिमीची लो सीटही मिळते, पण वजन आहे तिथेच. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवर जीएसटी १८ टक्के आणि त्यावरच्यांवर ४० टक्के आहे. पहिली गाडी हमखास दोनदा आपटायची, तिच्यासाठी एवढा कर भरायचा का, हे ज्याने त्याने ठरवावं.

आणि एवढी ताकद वापरणार कुठे? सी-लिंकवर दुचाकीला बंदी, कोस्टल रोडवर बंदी, फ्रीवेवर बंदी, अटल सेतूवर बंदी, पुणे एक्स्प्रेसवेवर बंदी. मुंबईतून बाहेर पडायचं तर आपण सायन-पनवेल नाहीतर कल्याणच्या गर्दीतूनच रांगणार. त्यात २०० सीसी कमी पडलं असं मला कधी वाटलं नाही. नाशिक हायवेवर ट्रक ओलांडताना वाटलं, खोटं कशाला बोला.

ज्यांना तिथेच जास्त जायचंय, कच्च्या रस्त्याची फार हौस नाही, त्यांनी व्ही-स्ट्रॉम एसएक्स बघावी. साडेसव्वीस पीएस, शंभरच्या वेगात निवांत, ट्यूबलेस टायर. माझ्या गाडीला तारांची चाकं आणि ट्यूब, म्हणजे पंक्चर झालं की चाक उतरवणं आलं. टोकावड्याच्या पुढे एकदा त्यात दीड तास गेला. व्ही-स्ट्रॉमची सीट ८३५ आहे आणि मला ती एक्सपल्सपेक्षा रुंदही वाटली. माझी बोटं टेकली, पण अगदी बॅलेवालीसारखी. पाच तीन, पाच चारच्या पुढे असाल तर ती माझ्या यादीत वर सरकेल.

केएलएक्स २३० हा मजेशीर प्रकार आहे. ८८० मिमी वाचून आपण पान उलटतो. पण १३९ किलो! सस्पेन्शन मऊ, सीट पाटासारखी अरुंद, त्यामुळे बसल्यावर आकड्याइतकी उंच लागत नाही. शिवाय कलली तरी पेलते. मातीत शिकायचंय, मुंबईत दुसरी स्कूटर आहेच, अशा कुणासाठी ती खरी ड्युअल-स्पोर्ट. रोज लालबाग ते बीकेसी करायला मात्र नको. टाकी ७.६ लिटरची, आणि त्या सीटवर तासाभराने आपल्याला आपली हाडं मोजता येतात.

होंडा एनएक्स२०० बद्दल एका वाक्यात: सीट ८१०, वजनाला हलकी, चालवायला गोड, पण दोन्ही चाकं १७ इंची आणि ग्राउंड क्लिअरन्स (गाडीच्या पोटाची जमिनीपासूनची उंची) १६७ मिमी, म्हणजे कपडे ट्रेकचे आणि चप्पल ऑफिसची.

राहिली एक्सपल्स २१०. माझीच गाडी, पण कूलंटवाली, सहा गिअरची, साडेचोवीस पीएसची, आणि नऊएक किलो जड. बजेट असेल तर २०० च्या ऐवजी हीच घ्या. हायवेवर माझी जी तक्रार आहे ती ही गाडी बरीचशी मिटवते. फक्त सेकंडहँड बघताना २०० ४व्हीची "प्रो" चुकून गळ्यात पडू देऊ नका. ती दिसायला तशीच, पण सीट ८९१ मिमी. मला त्यावर चढायला फूटपाथ लागला होता.

गाडी खाली करून घेण्याबद्दल सगळे विचारतात. सीटचा फोम तासून घेणं मला मान्य आहे, कुर्ल्याला सीटवाले तासाभरात करून देतात, पण पुढचा भाग अरुंद करा म्हणावं, नुसता पातळ नको, नाहीतर खाली फळी लागते. लिंक (मागच्या शॉकअपचा जोड) बदलून मागून गाडी बसवली तर पुढचा फोर्कही (पुढचं चाक धरणारे दोन दांडे) तेवढाच खाली घ्यावा लागतो, साइड स्टँड कापावा लागतो, नाहीतर गाडी उभीच राहते आणि वाऱ्याने उलट्या बाजूला पडते. आणि ज्या ग्राउंड क्लिअरन्ससाठी ही गाडी घेतली तोच गेला. पहिले सहा महिने काहीही करू नका. सवयीने किती सेंटिमीटर मिळतात ते आधी बघा.

शोरूममध्ये जाताना जे बूट घालून चालवणार तेच घालून जा. गाडी साइड स्टँडवर असताना बसून काही कळत नाही, ती सरळ करायला लावा. सेल्समन मागून धरून ठेवेल, त्याला सोडायला सांगा. मला एकाने "मॅडम, होते सवय" म्हणत शेवटपर्यंत कॅरियर सोडलाच नव्हता. मग उतरून ती दहा पावलं मागे ढकला, पूर्ण हँडल वळवून. क्लचचा लिव्हर बोटांच्या पहिल्या पेरावर येतो की दुसऱ्या, तेही बघा. लहान हातांना ट्रॅफिकमध्ये पायांच्या आधी मनगट बोलतं.

बहिणीला मी एक्सपल्स सांगितली आहे, पैसे जमले तर २१०. तिचं मन अजून हिमालयनवर आहे, फोटोत ती भारी दिसते हे मलाही कबूल. रविवारी ती मुलुंडला येतेय आणि मैत्रीण तिची ४११ घेऊन. चालवायचं नंतर. आधी दोन्ही गाड्या रॅम्पवरून मागे काढायच्या, आणि वॉचमनना मी त्या दिवशी चहाला पाठवणार आहे.